सुई लोखंडाची का स्टीलची?

आम्ही जुन्या नर्सा एखाद्या लग्नात भेटलो की जेवण गार झालंच म्हणून समजा! एकीनं "तुला आठवतं का गं?" म्हटलं की पंगत उठते, पत्रावळी उचलल्या जातात, आणि आमचं वरण तसंच. उभी हयात खेड्यांत सुया टोचण्यात गेली. ज्यांना टोचलं ती पोट्टी मोठी झाली, मिशा पिळायला लागली, आम्हाला विसरली. किस्से मात्र आमच्याकडेच पडून राहिले, त्यांना न्यायला कोणी येत नाही.

माझं आरोग्य केंद्र आष्टीच्या बाजूला. सासरही त्याच गावात. मी मुद्दाम मागून घेतली होती ती जागा. घरून डबा येईल, सासू पोरगं सांभाळेल, सोय होईल म्हणून. सोय!

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर मध्येच कोणीतरी विचारेल. पंचक्रोशीतल्या पोरांना टोचत फिरणाऱ्या या बाईचं स्वतःचं पोरगं बिनटोचलेलं होतं. हसू नका. सांगते.

*

पण सुरुवात त्याच्या आधीची. मी नोकरीला लागले तेव्हा नसबंदीची धास्ती नुकतीच होऊन गेली होती. सरकारी जीप दिसली की गाव रिकामं! बाप्ये सगळे तुरीच्या वावरात.

आमच्याबरोबर वानखडेभाऊ असायचे. जुने लस टोचणारे. गावं त्यांना "देवी डॉक्टर" म्हणायची, कारण ते देवी टोचायचे. डोक्याला टोपी, खांद्याला पिशवी, आणि आवाज असा की पाळण्यातलं पोरगं टोचायच्या आधीच रडायला लागायचं.

एका घरात शिरलो. एक आजी सुपात ज्वारी पाखडत बसलेली.

"आजी, घरचे कुठी गेले?" भाऊंनी विचारलं.

"कोणी नाई घरी."

तेवढ्यात कोपऱ्यातली धान्याची ढोली शिंकली!

भाऊंनी झाकण काढलं. आत सत्तरीचे आजोबा, डोक्यावर ज्वारीचा भुसा, दोन्ही हात जोडलेले. "साहेब, पाया पडतो, मायी नसबंदी नोका करू!"

"अहो आजोबा, आमी लहान पोट्ट्यायले देवी टोचाले आलो."

आजीनं सूप काही थांबवलं नाही. मान वर न करताच म्हणाली, "अन् याची करून आता काय फायदा? तीस वर्षं आधी यायचं होतं तुमी. नऊ झाले मले!"

*

देवी टोचायचे ते शेवटचे दिवस. टोचलं की आठव्या दिवशी जाऊन दंडावरचा फोड बघायचा, ही भाऊंची शिस्त. एका घरी गेले तर दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधलेले. आता आपल्याकडे दाराला निंब म्हणजे काय, ते सांगायला नको. घरात देवी आली. परक्या माणसानं आत जायचं नाही, चुलीवर फोडणी द्यायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही.

भाऊ दारातच थबकले. "काऊन बाप्पा, काय झालं?"

घरधन्यानं तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला भाऊ. पोरीच्या दंडावर मातामाय आली. तापबी आहे."

"अरे, ते मीच टोचलं ना! तो टोचल्याचा फोड होय!"

"तुमी आणली मातामायले?"

"हाव, मीच!"

संपलं. घरधन्यानं भाऊंना पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, पुढ्यात नारळ ठेवला. भाऊ खूश! मनात म्हणाले, चला, या गावात लसीला मान मिळाला. फोड पाहिला, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि उठले. तर त्या माणसानं हातच धरला.

"कुठी चालले? तुमी आणली, आता तुमीच वाटे लावा. तिले वाटे लावेस्तोवर आमच्या घरात फोडणी नाई. चार दिवस झाले, बिनफोडणीचं वरण खाऊन राह्यलो आमी!"

मग वानखडेभाऊंनी, सरकारी नोकर असूनही, गावाबाहेरच्या मातामायच्या ठाण्यापर्यंत दहीभात डोक्यावर घेऊन वाजतगाजत मिरवणूक नेली. दौऱ्याच्या डायरीत काय लिहू, म्हणून मला विचारत होते. मी म्हटलं, "लिहा ना, पाठपुरावा केला!"

*

नंतर देवी गेली आणि त्रिगुणी आली. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात, तिघांची मिळून एक लस. ती बर्फात ठेवायची. थर्मास घेऊन मी सकाळच्या यष्टीनं उतरायची आणि उन्हाच्या आधी टोचून मोकळी व्हायची.

एका घरी मी ओसरीवर रजिस्टर भरत बसले. आत वळून बघते तर थर्मास उघडा, आणि बाटली गायब! घरची म्हातारी चुलीपुढं बसली होती. लोट्यात कढत पाणी, आणि त्यात माझी लस डुंबतेय!

"आजी! हे काय केलं व तुमी?"

"काय केलं म्हंजे? पाह्यलं मी. बरफात ठेवली होती तुमी. एवढ्याशा जीवाले बरफाचं पाणी टोचता, मंग ताप नाई येईन तं काय होईन? म्हून कोमट करून राह्यली."

मी असली चिडले! अख्खी बाटली वाया. आता वर्ध्याहून नवी येईपर्यंत पंधरा दिवस. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "आजी, ही लस थंडच ठेवावी लागते. डॉक्टरांनी सांगितलंय."

आजीनं माझ्याकडे एवढ्या कणवेनं पाहिलं, की मीच वरमले. म्हणाली, "तुया डॉक्टरले लेकरं आहेत का?"

साहेबांचं लग्नच झालं नव्हतं तेव्हा!

*

आता माझ्या घरचं.

माझी सासू सरस्वतीबाई. गाव तिला सरूआजी म्हणायचं, मी आत्याबाई. मातामायच्या ठाण्याला रोज सकाळी पाणी घालणारी. गावात कोणाच्या पोराला ताप आला, गोवर आला, की आधी आत्याबाईला बोलावणं आणि मग मला. म्हणजे एकाच घरातून दोन डॉक्टर निघायचे, आणि पहिला मान तिचा!

तिच्या चार लेकरांपैकी दोन एका आठवड्यात देवीनं नेली. तिसरे आमचे हे. हेही त्या देवीत पडले, पण वाचले. तोंडावर व्रण अजून आहेत. तेव्हा आत्याबाईनं मातामायपुढं पदर पसरून नवस केला होता: याला वाचव; याचं पहिलं पोरगं होईल, त्याचं जावळ तुझ्या पायाशी काढीन, आणि तोवर त्याच्या अंगाला लोखंड लागू देणार नाही.

मग आमचा मुन्ना झाला. नखं कापायला नखुली नाही, मी दातांनी कुरतडायची. लंगोटाला सेफ्टी पिन नाही, गाठ. नाळ कशानं कापली ते आत्याबाईनं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. तेवढं आमचं समजून होतं.

पण सुई! सुईच्या बाबतीत ती हलेना.

"आत्याबाई, डांग्या खोकला वाईट असतो."

"माहीत आहे मले."

"मग टोचू द्या ना!"

"जावळ झाल्यावर टोच. पायजे तेवढं टोच."

"जावळ तिसऱ्या वर्षी!"

"मंग तिसऱ्या वर्षी टोच."

ह्यांना मध्ये घातलं. हे म्हणाले, "माय म्हणते तेबी बरोबर आहे, अन् तू म्हणते तेबी बरोबर आहे." आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. आमच्याकडे वादाचा विषय निघाला की बैलांना फार तहान लागायची!

चोरून टोचावं असं मनात आलं नाही असं नाही. पेटी माझ्याच हातात होती. पण पोराला आंघोळ घालायची ती. मांडी सुजलेली तिला दिसलीच असती. आणि खरं सांगू? माझं पोरगं तिच्याच मांडीवर वाढत होतं. दोन लेकरं मातीत घातलेल्या बाईला फसवायचं माझ्या हातून झालं नाही.

याची शिक्षा मला गावानं दिली. मी कुठंही थर्मास उघडून बसले की एक तरी बाई विचारायचीच, "काऊन व बाई, तुया पोराले टोचली का?"

मी म्हणायची, "त्याचं अजून व्हायचंय."

"मंग आमचंबी अजून व्हायचंच आहे!" की सगळ्या पदर झटकून चालू!

*

मुन्ना व्हायच्या आधीपासून गावात एकच माणूस असा होता की जो नाही म्हणाला नाही, आणि हो पण म्हणाला नाही. मनोहरशेठ किराणावाले. त्यांना जुळे मुलगे. शेठ म्हणाले, "बाई, मी बेपारी माणूस. मी माल पाह्यल्याबगर घेत नाई. तुमी असं करा, एकाले टोचा, एकाले राहू द्या. पाहू काय फरक पडते."

मी खूप समजावलं. शेठनी ऐकलं नाही. एकाला तिन्ही डोस झाले, दुसऱ्याला एकही नाही.

दीड वर्षानं डांग्या खोकला गावात आला. जुळे एकाच बाजेवर झोपायचे. एक ढाराढूर झोपलेला, आणि दुसरा खोकून खोकून लाल! उबळ संपता संपता ती शीळ घातल्यासारखी हूक. ऐकवत नव्हतं. दोन महिने चाललं.

शेठना वाईट वाटायला हवं होतं की नाही? वाटलंही असेल. पण त्याहून जास्त त्यांना अभिमान वाटला! दुकानात गादीवर दोन्ही पोरं शेजारी बसवली, आणि गिऱ्हाईक आलं की, "हा टोचलेला. हा बिनटोचलेला. थांबा, आता उबळ येईन, ऐकूनच जाजो!"

तिसऱ्या दिवशी आतून शेठाणी आली. हातात लाटणं. "पोट्टे मी जलमाले घातले का तुमी नमुने मांडून ठेवाले? पुढच्या टायमाले दोन शेठ कराचे म्हणते मी. एकाले टोचाचं, अन् एकाले असं बडवाचं! पाहू काय फरक पडते!"

त्या दिवसापासून शेठ माझे सगळ्यात मोठे प्रचारक झाले. साखर बांधता बांधता सांगायचे, "टोचून घ्या, हे मी सिद्ध केलं!"

*

पण आम्ही हसत होतो तोवर शेजारच्या वस्तीतलं चार महिन्यांचं एक तान्हं त्या खोकल्यात गेलं. एवढ्या लहान जीवाला हूक घालायचीही ताकद नसते. श्वास अडकतो, निळं पडतं, आणि बस.

आमचा मुन्ना पाच महिन्यांचा होता.

त्या दिवशी मी घरी आले ती रडतच. आत्याबाईला म्हटलं, "गावात बारा तान्ही आहेत, एकालाही टोचलेलं नाही. सगळ्या म्हणतात, सरूआजीच्या नातवाले टोच, मग आमच्याले. त्या बाराजणांचं ओझंही तुमच्यावर आहे, आत्याबाई. आणि मला माझ्या पोराची भीती वाटते. दुसरं काही नाही, मला नुसती भीती वाटते."

ती मुन्नाला घेऊन उठली.

दुसऱ्या दिवशी वानखडेभाऊ आले. त्यांनी आपली युक्ती लढवली. "आजी, सुई लोखंडाची नसतेच! स्टीलची असते. स्टील आन् लोखंड येगळं."

"स्टील काय झाडाले लागते?"

"तसं नाई, पर येगळं. त्याले जंग नाई चढत."

आत्याबाईनं विचार केला. तिच्या माहेरच्या लग्नात तिला स्टीलचा गिलास मिळाला होता, तो ती कधीच वापरायची नाही, नुसता पुसून फळीवर ठेवायची. तो गिलास काढला, उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, "आष्टीच्या बाजारात भांडेवाला चुंबक लावून दाखवते. चुंबकाले चिकटलं तं लोखंड, नाई चिकटलं तं अस्सल स्टील. बराबर?"

"बराबर!" भाऊ म्हणाले.

"मंग तुया सुईले मी चुंबक लावून पाहीन. मातामायच्या समोर. नाई चिकटली तं टोच. अन् चिकटली तं पुन्हा नाव नोको काढू, कुसुम."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बाहेर आल्यावर भाऊ माझ्या कानाशी लागले. "बाई, चिकटली तं?"

"तुम्हीच म्हणालात ना, स्टील!"

"हाव, पर केंद्रात तीन परकारच्या सुया आहेत. जुन्यात काय मिसळलं असंन, कोणाले ठाऊक? मी का कधी चुंबक लावून पाह्यला!"

बाप्पा! आता सांगतात!

*

शुक्रवारी सकाळी मातामायच्या ठाण्यापाशी बसले. कडुनिंबाखाली ओटा, ओट्यावर शेंदूर लावलेले दगड, आणि मागं अख्खं गाव. आत्याबाईची परीक्षा आहे म्हटल्यावर बाया पोट्टे काखेत घेऊन सकाळपासून जागा धरून होत्या. बारा तान्ही. मनोहरशेठ दुकान बंद करून आले होते. आमचे हेसुद्धा आले होते. त्या दिवशी बैलांना तहान नव्हती.

मी स्टोव्हवर सुया उकळल्या. नवी दिसणारी एक सुई चिमट्यानं उचलली.

आत्याबाई आली. नाहून, धुवट लुगडं नेसून, काखेत मुन्ना. पदराच्या गाठीतून चुंबक काढला. नारायण शिंप्याकडून मागून आणलेला, खाली पडलेल्या सुया-टाचण्या वेचायचा, चांगला जाडजूड. मुन्नाला माझ्या मांडीवर दिलं, आणि हात पुढं केला.

मी सुई तिच्या तळहातावर ठेवली.

तिनं त्यावर चुंबक ठेवला, मूठ मिटली, आणि आमच्याकडे पाठ करून मातामायकडे तोंड केलं. डोळे मिटले. ओठ हलत होते, पण ऐकू काही आलं नाही. एक पोरगं रडायला लागलं, तर त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

किती वेळ गेला कोण जाणे. मग आत्याबाई वळली. गळ्याच्या शिरा ताणून, शेवटच्या बाईला ऐकू जाईल अशी म्हणाली,

"नाई चिकटत! लोखंड नोहे हे! टोच!"

काय गलका झाला म्हणता! शेठनी तर टाळ्याच वाजवल्या. बाया पोट्टे घेऊन ओट्यावर रेटू लागल्या, "आधी मायं, आधी मायं!" वानखडेभाऊ रांग लावता लावता डोळे पुसत होते आणि धूर लागला म्हणत होते. धूर कुठंच नव्हता.

मी मुन्नाची मांडी कापसानं पुसली, आणि आत्याबाईपुढं हात केला. "द्या सुई. परत उकळावी लागेल."

ती माझ्याजवळ खाली बसली. पदर आडवा धरला, गावाला दिसू नये एवढा. आणि मूठ उघडली.

सुई चुंबकाला आडवी चिकटलेली होती. ती दोन बोटांनी सुई ओढून काढायला बघत होती, आणि सुई सुटत नव्हती.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मुन्नाच्या टाळूवरून, त्या न काढलेल्या जावळावरून, हात फिरवला आणि मूठ पुन्हा मिटली.

"दुसरी घे व, कुसुम," ती हळूच म्हणाली. "हे राहू दे मायापाशी."

मी दुसरी घेतली.